‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’?

ताई,

मी २८ वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी एका मैत्रिणीच्या ओळखीतून एका मुलीशी बोलणं सुरू झालं. आतापर्यंत आम्ही तीनदा भेटलो. मला ती मनापासून आवडते. पण भेटलो की माझं काहीतरी बिनसतं. एरवी मित्रांमध्ये मी बऱ्यापैकी बोलका आहे, तिच्यासमोर मात्र विषयच सुचत नाहीत. पहिल्या भेटीला मी मोबाइलमध्ये विषयांची यादी करून नेली होती, ती वीस मिनिटांत संपली. दुसऱ्या भेटीत आम्ही दोघंही एकदम बोलायला लागायचो, दोघंही एकदम थांबायचो आणि मग ‘सॉरी, सॉरी’ करत बसायचो. तिसऱ्या भेटीत निघताना मी हात मिळवायला पुढे केला, तेवढ्यात ती मिठी मारायला पुढे आली. माझा हात मध्येच अडकला आणि चष्मा तिच्या केसांत. घरी येऊन ‘छान वाटलं भेटून’ एवढा मेसेज लिहायला मला पाऊण तास लागला. तिचं उत्तर रात्री उशिरा आलं, ‘हो, मलाही.’ पुढे काहीच नाही. त्याला आता आठ दिवस झाले.

आणखी एक. तिला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ हे अजून ठरत नाहीये. सुरुवात ‘तुम्ही’ने झाली. आता ते परकं वाटतं आणि ‘तू’ तोंडातून निघत नाही.

एक मित्र म्हणतो, खरंच जुळणार असेल तर असं अवघडल्यासारखं होत नाही, आपोआप जमतं. तसं असेल तर मी इथेच थांबावं का? की हे अवघडलेपण घालवायचा काही उपाय आहे?

– अवघडलेला

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे तू तिच्याबद्दल काही लिहिलंयस तिथे खूण करत गेले. अख्ख्या पत्रात खुणा झाल्या तीन. तीही तुझ्याबरोबरच बोलायला लागायची आणि तुझ्याबरोबरच थांबायची. निघताना ती मिठी मारायला पुढे आली. आणि तिने ‘हो, मलाही’ असं कळवलं. बाकी सगळं तुझ्याबद्दल आहे: तुझी यादी, तुझा हात, तुझा चष्मा, तुझा पाऊण तास.

मी तुला बोल लावत नाहीये. माणूस अवघडला की त्याची नजर आत वळते. समोरच्याशी बोलता बोलता तो स्वतःवर पहारा देत बसतो: आत्ता मी कसा दिसलो, हे जरा जास्तच बोललो का, हात कुठे ठेवू. त्या पहाऱ्यात तुझ्या हातून एक गोष्ट निसटली आहे. तीही अवघडलेली आहे. दोन माणसं एकाच क्षणी बोलायला तोंड उघडतात, कारण मधली शांतता दोघांनाही सोसवेनाशी झालेली असते. आणि एकाच क्षणी थांबतात, कारण समोरच्याचं बोलणं तोडायचं नाही याची दोघांनाही काळजी असते. हे अवघडलेपण तुम्हा दोघांचं आहे. तू ते एकट्याच्या डोक्यावर घेऊन फिरतोयस.

तुझ्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते मी स्पष्टच सांगते, कारण अशा वाक्यांपायी चांगली माणसं चांगल्या माणसांपासून दूर झालेली मी पाहिली आहेत. पहिल्या भेटीतच सहज बोलता येणं याची कारणं पुष्कळ असू शकतात. कधी खरोखर तारा जुळतात. कधी एखाद्याला अशा भेटींचा भरपूर सराव असतो. आणि कधी समोरचा माणूस आपल्याला विशेष आवडलेलाच नसतो, म्हणून गमावण्याची भीती नसते आणि जीभ मोकळी सुटते. तू मित्रांमध्ये बोलका आहेस, कारण तिथे काही पणाला लागलेलं नाही. तिच्यासमोर लागलं आहे. तेव्हा घशाला कोरड पडते यावरून तुमचं जुळणार की नाही याचा अंदाज बांधता येत नाही. तुला ती आवडते, एवढंच त्यातून कळतं, आणि ते तुला आधीच ठाऊक आहे.

आता तुझी खरी भीती. तुझी धडधड, तळहाताचा घाम, विषय शोधताना झालेली तारांबळ हे सगळं तिला लख्ख दिसलं असणार, असं तुला वाटतंय. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला इथे आठवतो. त्यांनी काही जणांना भाषण करायला लावलं. त्यातल्या काहींना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं, की आपली घबराट आपल्याला जितकी उघडी पडल्यासारखी वाटते तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नसते. वेगळा सराव करून घेतला नाही, काही तंत्रही शिकवलं नाही. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. नुसत्या माहितीने एवढा फरक पडला. म्हणून तुलाही तीच माहिती देते आहे. तुझी छाती किती धडधडत होती ते तिला ऐकू आलेलं नाही.

दुसरी गोष्ट तिच्या मताची. एरिका बूथबी, गस कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अनोळखी माणसांच्या गप्पांवर काम केलं. दोघांना बोलायला बसवायचं आणि नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारायचं: तुम्हाला समोरची व्यक्ती किती आवडली, आणि तिला तुम्ही किती आवडला असाल असं वाटतं? समोरच्याला आपण जेवढे आवडलो असू असा लोकांचा अंदाज होता, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. वसतिगृहात नव्याने एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये तर ही तफावत कित्येक महिने टिकली. हे प्रयोग प्रेमाच्या भेटींवर नव्हते, त्यामुळे ‘तिला तू नक्की आवडतोस’ असा त्यांचा अर्थ मी काढणार नाही. पण घरी येताना आपण स्वतःला जे गुण देतो ते हात आखडूनच दिलेले असतात, एवढं त्यावरून खुशाल धरून चाल.

आता ती शांतता. ती खरंच लागते, तुझ्या मनाचे खेळ नाहीत. दहा भाषांतल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात आढळलं. इतक्या घाईने बोलणारा आपण प्राणी आहोत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की एरवी सुरळीत चाललेल्या संभाषणात फक्त चार सेकंदांची शांतता पडली तरी माणसाला आपण नाकारले गेलो असं वाटायला लागतं. चार सेकंद! मनातल्या मनात एक ते चार मोजून बघ. तेवढ्यात तुझ्या डोक्यात ‘संपलं सगळं’ इथपर्यंत मजल गेलेली असते. आणि तिच्याही डोक्यात कदाचित तेच चाललेलं असतं.

यावर लोक तुला पुष्कळ युक्त्या सांगतील. मला शांतता भरून काढण्यापेक्षा तिची धार कमी करणं जास्त उपयोगाचं वाटतं, आणि त्याला सोपा मार्ग म्हणजे समोरासमोर बसण्याऐवजी बरोबर चालणं. टेबलाच्या दोन बाजूंना बसलं की नजर कुठे न्यायची हाच प्रश्न होतो, आणि प्रत्येक गप्प क्षण दोघांच्या मध्ये येऊन बसतो. चालताना नजरेला रस्ता असतो, झाडं असतात, पायांना काम असतं. तिथे अर्धा मिनिट कोणी काही बोललं नाही तरी ते चालणंच असतं. चौथी भेट चालण्याची ठरव. उजेडाची वेळ आणि माणसांची वर्दळ असलेली जागा निवड, म्हणजे तिलाही निर्धास्त वाटेल.

यादीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुझा बराचसा घोळ तिथे आहे. तू तयारी केलीस त्यात मला वाईट काहीच दिसत नाही. काळजी वाटते म्हणूनच माणूस तयारी करतो. पण यादी असली की काय होतं ते बघ. समज, ती म्हणाली, ‘लहानपणी मी पोहायला जायचे. मग सोडलं.’ यादीवाल्या माणसाने ऐकलेलं असतं ‘पोहणं’. त्याच्यापुढे टिकमार्क होते आणि तो म्हणतो, ‘अच्छा. आणि प्रवासाची आवड आहे का?’ ती उत्तर देते. तो पुढचा विषय काढतो. वीस मिनिटांत यादी संपते आणि दोघांनाही मुलाखत दिल्यासारखं वाटतं. खरं तर ती दोन शब्द पुढे ठेवून गेली होती: ‘मग सोडलं.’ का सोडलं? कधी? चुकल्यासारखं होतं का? अजून पाणी दिसलं की काय वाटतं? त्या दोन शब्दांमध्ये अर्धी संध्याकाळ होती. ती तुझ्या हातून गेली, कारण ती बोलत असताना तू पुढचा विषय आठवत होतास.

म्हणून यादी घरी ठेव आणि त्याऐवजी एकच गोष्ट घेऊन जा: मागच्या वेळी तिने सांगितलेलं काहीतरी. बहिणीची परीक्षा म्हणाली होती, ऑफिसात नवीन काम लागलंय म्हणाली होती, काहीही. ‘त्याचं पुढे काय झालं?’ असं विचार. आपलं बोलणं कोणीतरी आठ दिवस जपून ठेवलं होतं, हे कळल्यावर माणूस कसा उमलतो ते बघ. आणि तिने विचारलं तर तुझंही सांग. नुसते प्रश्न विचारत राहणं हीसुद्धा लपायची एक जागा असते. आर्थर एरन यांनी १९९७ साली अनोळखी माणसांमध्ये जवळीक कशी निर्माण होते यावर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३६ प्रश्न होते, साधे आधी आणि खोलातले नंतर, आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं होतं. लोक त्या प्रश्नांच्या मागे लागले. मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो दोघांनी पाळीपाळीने आणि हळूहळू उघडं होण्याचा. तिने पोहणं सोडल्याचं सांगितलं, तर तूही तुझं अर्धवट राहिलेलं काहीतरी सांग.

आता तुझ्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’कडे येते. पत्रातला हा भाग वाचून मला फार आपलेपणा वाटला.

मराठीत बोलणाऱ्या माणसाला ही एक जास्तीची पायरी चढावी लागते. ती चढेपर्यंत माणूस कर्ता नसलेली वाक्यं बनवायला शिकतो. ‘निघायचं का?’ ‘उशीर तर नाही ना झाला?’ ‘पुढच्या रविवारी काय बेत?’ कोणाला विचारलं ते वाक्यात कुठेच नाही. तूही हेच करत असणार. मी केलं आहे. ज्याच्याशी पुढे माझं लग्न झालं त्या माणसाशी मी चार भेटींमध्ये एकदाही ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते, आणि तोही नाही. पाचव्या भेटीत आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी काहीतरी सांगण्याच्या नादात होते आणि एक मोटारसायकल वळणावरून जोरात आली. त्याने माझी बाही ओढली आणि ओरडला, ‘अगं, मागे हो!’ गाडी निघून गेली. आम्ही दोघं तिथेच उभे. मला वाचवलं याचं मला त्या क्षणी काही विशेष नव्हतं, कानात फक्त ते ‘अगं’ होतं. तो कानांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, ‘सॉरी, म्हणजे तुम्ही…’ मी म्हणाले, ‘राहू दे. तेच बरं आहे.’

त्यानंतर आम्ही पूर्वीसारखेच अवघडायचो, विषय तसेच संपायचे. पण त्या दिवसापासून ते मी एकटीने सोसायची गोष्ट राहिली नाही.

तुला मोटारसायकलची वाट बघायची गरज नाही. तिला विचार. ‘इतके दिवस मी तू आणि तुम्ही दोन्ही टाळत बोलतोय. तू म्हटलं तर चालेल?’ एवढं वाक्य पुरे. ती हसेल, आणि बहुधा म्हणेल की तीही तेच करत होती. ‘तुम्हीच बरं वाटतं अजून’ असं म्हणाली, तर तेही मनावर न घेता मान्य कर. आणि तिच्याकडूनही तुला ‘तू’च यायला हवं, ही गोष्ट विसरू नकोस. एकाने ‘तू’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’, असं या वयात, या नात्यात सुरू झालं की ते पुढे बदलायला फार जड जातं.

निघतानाच्या प्रसंगालाही हाच उपाय. त्यावर तू इतका का हळहळतोयस? नीट आठव, काय झालं होतं. तुला वाटलं हात मिळवावा, तिला वाटलं मिठी मारावी. तुझ्यापेक्षा ती एक पाऊल पुढे होती! चष्मा केसांत अडकला याचं दुःख करताना ती कशासाठी जवळ आली होती हे तू पार विसरून गेलास. पुढच्या वेळी निघताना थांब आणि विचार, ‘मिठी मारू?’ विचारलं तर त्यातली गंमत जाते असं पुष्कळांना वाटतं. मला अजिबात तसं वाटत नाही. ज्याला विचारलं जातं त्याला आपलं मत मोजलं जातंय हे कळतं. ती ‘हो’ म्हणाली तर तुझे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न उरत नाही, आणि ‘आज नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणून हसून निघता येतं. हात धरणं, खांद्यावर हात ठेवणं आणि त्यापुढचं सगळं याच रीतीने. अंदाजाने पुढे जाऊ नकोस. आणि एकदाचा होकार पुढच्या प्रत्येक वेळेसाठी धरून चालू नकोस.

मेसेजचं थोडक्यात सांगते. उत्तर किती तासांनी आलं यावरून काही काढू नकोस. कोणी कामात असतं, कोणी तुझ्यासारखंच पाऊण तास लिहून पुसत असतं. पण ‘छान वाटलं भेटून’ या तुझ्या वाक्यात एक अडचण आहे. त्याला ‘मलाही’ याशिवाय दुसरं उत्तर नाही. तुला विचारायचं होतं ‘परत भेटू या का?’ आणि तू सांगितलंस की छान वाटलं. मग ती पुढचं काही म्हणते का याची तू वाट बघत बसलास. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तिनेही कदाचित तुझ्या पुढच्या मेसेजची आठ दिवस वाट बघितली असेल.

‘तू मला आवडतेस’ हे वाक्य आपल्या भाषेत फार वजनदार आहे, ते मला समजतं. ते म्हटलं की काहीतरी जाहीर केल्यासारखं होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत तेवढं वजन उचलायची तुझी किंवा तिची तयारी नसेल. त्याच्या अलीकडची पुष्कळ हलकी वाक्यं आपल्याकडे आहेत. ‘तुझ्याशी बोलायला आवडतं.’ ‘वेळ कसा गेला कळलं नाही.’ ‘मधे तुझी आठवण झाली होती.’ यातलं जे त्या क्षणी खरं असेल ते म्हण. खरं नसेल तर नुसतं बरं दिसावं म्हणून म्हणू नकोस, ते ऐकणाऱ्याला कळतं.

आता एका गोष्टीची काळजी घे, आणि हे मी जरा जोर देऊन लिहिते आहे. तीही अवघडलेली आहे असं मी म्हणाले, ते तिच्या तीन कृतींवरून. पण कोणाचंही प्रत्येक गप्प बसणं म्हणजे लाजणं, असं परस्पर ठरवू नकोस. अवघडलेली पण तुझ्याबद्दल ओढ असलेली व्यक्ती अडखळते आणि तरीही परत येते. ती काहीतरी विचारते, तुझं सांगितलेलं लक्षात ठेवते, एक दिवस जमत नसेल तर दुसरा सुचवते. जिला नको आहे ती उत्तरं देते, पण प्रश्न विचारत नाही. ‘बघू’, ‘सध्या गडबड आहे’ असं म्हणते आणि पुढचा दिवस कधीच सांगत नाही. शरीराने जरा मागे सरकते. असं दोनदा झालं तर तो नकार समज, तो शब्दांत यायची वाट बघू नकोस आणि कारणही विचारू नकोस. कारण विचारलं की नकार देणाऱ्यावर खुलासा द्यायची जबाबदारी पडते, आणि ती तिच्यावर का पडावी?

हे तुलाही लागू आहे. भेटून आल्यावर तू ओशाळलेला असतोस, ते चालेल, ते कमी होत जातं. पण कोणाला भेटून आल्यावर आपण लहान झालो असं वाटत असेल, आपल्या बोलण्याची, दिसण्याची, कामाची टर उडवली जात असेल, किंवा नाही म्हणायची भीती वाटत असेल, तर ते अवघडलेपण नव्हे. तिथून निघायचं. तुझ्या पत्रात तसं काहीच नाही, पण हे सदर इतरही जण वाचतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

तू विचारलंस की अवघडलेपण घालवायचा उपाय काय. मला तो माहीत नाही आणि मी तो शोधणारही नाही. ते तिच्यासमोर उघड करणं मात्र तुला जमण्यासारखं आहे. यादी केली होती हे सांग. मिठीचा गोंधळ झाला हे सांग. एकेका वाक्यात, सहज, माफी न मागता. माफी मागितली की तुझी समजूत घालायचं काम तिच्याकडे जातं. नुसतं सांगितलं, तर तिलाही तिचं काहीतरी सांगायची वाट मिळते. मी तर म्हणेन की चौथ्या भेटीची सुरुवातच तिथून कर.

आणि ती भेट ठरवायला आज रात्री मेसेज कर. पाऊण तास घालवू नकोस, मीच लिहून देते: ‘मागच्या वेळी निघताना माझा जरा गोंधळच झाला. पण भेटायला खूप आवडलं. शनिवारी संध्याकाळी चालायला येणार का? शनिवारी जमत नसेल तर रविवार.’ तुझ्या बोलण्याच्या पद्धतीप्रमाणे शब्द बदल, पण प्रश्न आणि वार काढू नकोस. बघ, या मेसेजमध्येही ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ आलेलं नाही. ते मुद्दाम ठेवलं आहे. ते तिला भेटल्यावर, चालता चालता विचार.

पाठवलास की फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि झोप. काय उत्तर आलं ते मला नक्की कळव.

– तुझी ताई